समुद्र कोणी दुभंगविला?

सिनेमाचे नाटक झाले की चाहत्यांचे दोन तट पडतात. ज्यांनी सिनेमा लहानपणी पाहिला आणि मनात जपून ठेवला, त्यांना नाटकातला प्रत्येक बदल खुपतो. ज्यांनी नाटक आधी पाहिले, त्यांना सिनेमा घाईघाईने गुंडाळल्यासारखा वाटतो. आपल्याकडे कादंबरीचे नाटक आणि नाटकाचा सिनेमा झाला तेव्हाही असेच वाद झाले. पण हल्ली आमच्या घरी ज्या वादाने दोन-तीन रविवार खाल्ले, तो एका परदेशी कार्टूनपटाचा आणि त्यावरून झालेल्या संगीत नाटकाचा आहे. वाद परक्या गोष्टीचा असला तरी त्यातला प्रश्न आपल्या घरचाच निघाला, म्हणून तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

सिनेमाचे नाव ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’. अमेरिकेतल्या ड्रीमवर्क्स कंपनीने तो काढला आणि डिसेंबर १९९८ मध्ये तो पडद्यावर आला. बायबलच्या जुन्या करारातली मोझेसची, म्हणजे मराठी बायबलातल्या मोशेची कथा त्यात आहे. चित्रे हाताने काढलेली, संगीत हान्स झिमरचे, गाणी स्टीफन श्वार्ट्झ यांची. त्यातल्या एका गाण्याला १९९९ साली ऑस्कर पारितोषिकही मिळाले. तीन दिग्दर्शकांपैकी ब्रेंडा चॅपमन ही एक बाई होती, हे आमच्या मुलींनी आम्हाला आवर्जून सांगितले. पुढे याच कथेचे रंगमंचावरचे रूप २०१७ साली कॅलिफोर्नियात आणि २०१८ साली डेन्मार्कमध्ये झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये ते लंडनच्या डोमिनियन थिएटरात मोठ्या थाटाने उभे राहिले. महिनाभरातच कोरोनाने जगातली सगळी नाट्यगृहे बंद पाडली, त्यात हेही बंद पडले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पडदा वर गेला आणि जानेवारी २०२२ मध्ये प्रयोग संपले. त्याचे चित्रण २०२३ साली घरबसल्या पाहता येऊ लागले. लंडनला जाण्याची आमची ऐपत नाही, पण अशा रीतीने लंडनचे नाटक आमच्या बैठकीच्या खोलीत आले.

आम्ही म्हणजे घरातली पाच माणसे आणि शेजारच्या बिऱ्हाडातली तीन-चार. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की दुपारी सगळे एकत्र बसतात. मुलांना इंग्रजी चांगले कळते, ती मध्येमध्ये थांबवून अर्थ सांगतात. आधी सिनेमा पाहिला, पुढच्या रविवारी नाटक पाहिले, आणि मग जो वाद सुरू झाला तो चहाच्या दोन फेऱ्यांनीही थांबेना.

कथा थोडक्यात अशी. इजिप्तमध्ये हिब्रू लोक गुलाम आहेत. फारो राजा सेती त्यांच्या वाढत्या संख्येला भिऊन त्यांची तान्ही मुले नदीत फेकायचा हुकूम देतो. एक आई आपले बाळ टोपलीत घालून पाण्यावर सोडते. टोपली राजवाड्याच्या घाटाला लागते आणि ते मूल राजपुत्र म्हणून वाढते. राजाचा खरा मुलगा रामसेस याचा तो भाऊ होतो. पुढे मोझेसला आपण कोण हे कळते, तो वाळवंटात निघून जातो, मेंढपाळ होतो. तिथे जळत्या झुडपातून देव त्याच्याशी बोलतो. तो परत येऊन ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ असे भावाला सांगतो. भाऊ ऐकत नाही. दहा अरिष्टे येतात, शेवटच्या अरिष्टात इजिप्तमधल्या प्रत्येक घरातले पहिले अपत्य मरते, आणि मग गुलाम मुक्त होतात. पाठलाग करणाऱ्या सैन्यापुढे समुद्र दुभंगतो, वाट देतो, आणि सैन्यावर मिटतो.

सिनेमात एक प्रसंग असा आहे की तो पाहताना आमच्या घरात कोणी बोलले नाही. मोझेसला स्वप्न पडते आणि ते स्वप्न भिंतीवरच्या इजिप्शियन चित्रांसारखे सपाट रेषांत चालते. चित्रातले शिपाई चित्रातल्या आयांच्या हातून बाळे हिसकावतात. तो घाबरून उठतो, मशाल घेऊन राजवाड्यात धावतो, तर तेच चित्र खरोखरच भिंतीवर कोरलेले! ज्या भिंतीजवळून तो रोज गेला, तिच्यावर आपल्याच लोकांच्या संहाराचे चित्र होते आणि त्याने ते कधी वाचलेच नव्हते. आणि त्याला पोटच्या मुलासारखे वाढविणारा राजा त्याची समजूत घालतो ती अशी, की ते काय, गुलामच तर होते! वाचक हो, ही समजूत आपण कोठे ऐकली नाही? गावकुसाबाहेरच्या माणसाचे मरण असेच मोजले जात नव्हते काय? देवळांच्या, किल्ल्यांच्या, वाड्यांच्या भिंतींकडे आपणही कौतुकाने पाहतो. त्या कोणाच्या पाठीवरून उभ्या राहिल्या, हे भिंतीवर वाचायला शिकविणारा कोणी भेटेपर्यंत ते दिसत नाही.

आता इतिहासाची गोष्ट. आपल्या पत्राचा वाचक चिकित्सक आहे, बाबासाहेबांनी आपल्याला तसे घडविले आहे. तेव्हा हे स्पष्ट सांगितले पाहिजे की मोझेसची कथा ही धर्मग्रंथातली कथा आहे, सिद्ध झालेला इतिहास नव्हे. सिनेमावाल्यांनीही सुरुवातीलाच पाटी दाखवून, कथेत स्वातंत्र्य घेतले आहे असे कबूल केले आहे. इजिप्तच्या कोरीव लेखांत मोझेसचे नाव नाही, की लाखो गुलाम निघून गेल्याची नोंद नाही. ‘इस्राएल’ हे नाव तिथे प्रथम सापडते ते फारो मर्नेप्ताहच्या शिलालेखात, इसवी सनापूर्वी १२०८ च्या सुमारास, आणि तेही एका जिंकलेल्या लोकसमूहाचे नाव म्हणून. गिझाचे पिरॅमिड तर दुसऱ्या रामसेसच्या आधी हजार-बाराशे वर्षे उभे होते. १९९० साली तिथे पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांची थडगी सापडली. आपल्या राजाच्या थडग्याजवळ मानाने पुरलेली ती माणसे गुलाम नव्हती, असे संशोधक म्हणतात.

पण इजिप्तच्या इतिहासात एक गोष्ट खरीखुरी लिहिलेली आहे आणि ती कोणत्याही सिनेमात येत नाही. तिसऱ्या रामसेसच्या कारकीर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमारास, देर अल-मदिना या वस्तीतल्या कारागिरांनी काम बंद केले. राजांची थडगी खोदणारे आणि रंगविणारे हे कारागीर. त्यांचे धान्य थकले होते. त्यांनी हत्यारे ठेवली आणि देवळांपाशी जाऊन बसले. उपाशी आहोत, तहानलेले आहोत, कपडा नाही, तेल नाही, असे त्यांनी सांगितले. जगातला हा सर्वांत जुना नोंदलेला संप मानतात. ते पपायरसचे पान आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. तिथे समुद्र दुभंगला नाही, आकाशातून आग पडली नाही. माणसे एकत्र बसली आणि त्यांनी आपले म्हणणे मांडले. आमचा पुतण्या एका कारखान्यात आहे. हे ऐकून तो म्हणाला, “काका, याचा सिनेमा का नाही काढत कोणी?” प्रश्न बरोबर आहे. कारण राजवाड्यात वाढलेला नायक जितका विकला जातो, तितका हत्यार खाली ठेवून बसलेला कारागीर विकला जात नाही.

तरीही मोझेसची कथा नुसती कथा म्हणून झटकून टाकता येत नाही. कारण दबलेल्या माणसांनी ती हजारो वर्षे उराशी धरली आहे. अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना वाचायला बंदी होती, पण मालकाच्या चर्चमध्ये ऐकलेली ही कथा त्यांनी आपली केली. त्यांच्या गाण्यांत इजिप्त म्हणजे दक्षिणेतले मळे आणि फारो म्हणजे मालक. हॅरिएट टबमन ही स्वतः १८४९ साली पळालेली गुलाम स्त्री. ती पुन्हा पुन्हा दक्षिणेत शिरली आणि तिने सत्तरएक माणसे बाहेर काढली. लोक तिला ‘मोझेस’ म्हणत. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये शेवटचे भाषण केले. त्यांतही डोंगरावरून वचनभूमी पाहणारा मोझेस होता. दुसऱ्याच दिवशी त्यांचा खून झाला. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केली, बाबासाहेबांनी १९४६ साली निग्रो विचारवंत ड्यु बॉईस यांना पत्र लिहिले, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तेव्हा हा धागा आपल्यापर्यंत आलेला आहे. स्वतः बाबासाहेबांनीही मोझेसचे महत्त्व सांगणारा एक इंग्रजी लेख १९४१ साली लिहिला होता.

आणि ही कथा मराठीतही परकी नाही. आपल्या कोकणात बेने इस्राएल लोक शतकानुशतके राहिले. अलिबाग, रेवदंडा, पेण या भागांत ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी. इजिप्तमधून सुटकेची कथा ज्या पोथीत वाचतात ती हगादा मराठी अर्थासह मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली छापली गेली. जुन्या करारातल्या कथांवर ते मराठीत कीर्तनेही करीत. म्हणजे लंडनच्या रंगभूमीवर जी कथा लाखो पौंड खर्चून उभी राहिली, ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणच्या घराघरांत आपल्याच भाषेत सांगितली जात होती.

आता नाटकात काय बदलले ते पाहू. श्वार्ट्झ यांनी सिनेमातली गाजलेली गाणी ठेवली आणि दहाच्या आसपास नवी रचली. दिग्दर्शन त्यांच्याच मुलाने, स्कॉट श्वार्ट्झ याने केले. संवाद फिलिप लाझेब्निक यांचे, सिनेमाच्या लेखनातही त्यांचा हात होता. सिनेमात रामसेसची राणी जवळजवळ दिसतच नाही. नाटकात नेफर्तारीला आवाज मिळाला. सिनेमात जे चित्राने दाखविले ते नाटकात नर्तकांच्या अंगांनी दाखविले आहे. रथही तेच, वाळवंटही तेच आणि जळते झुडूपही तेच. आमच्या लेकीला हे फार आवडले. तिचे म्हणणे, “सिनेमात देवाचा आवाज वरून येतो. इथे तो माणसांच्या घोळक्यातून येतो. हे जास्त खरं वाटतं.” यावर पुतण्या म्हणाला, “ताई, पण समुद्र? सिनेमातला समुद्र पाहून अंगावर काटा येतो. नाटकात नुसते पडदे आणि दिवे.” समुद्राच्या बाबतीत सिनेमाची सर नाटकाला आली नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पाण्याच्या उभ्या भिंतीआडून विजेच्या लखलखाटात पोहणारा प्रचंड मासा दिसतो, ते चित्र एकदा पाहिले की विसरत नाही.

पण खरा वाद शेवटावर झाला. सिनेमात रामसेस सैन्य घेऊन समुद्रात शिरतो, सैन्य बुडते, आणि तो एकटा खडकावर पडून भावाच्या नावाने ओरडत राहतो. नाटकात मात्र समुद्राच्या काठावर दोघे भाऊ समोरासमोर येतात, एकमेकांना क्षमा करतात, आणि रामसेस गुलामांना जाऊ द्यायला तयार होतो. मग सैन्याला पुढे कोण घालतो? तर होतेप नावाचा मुख्य पुरोहित. सिनेमातला होतेप हा जादूचे खेळ करणारा एक विनोदी भटजी होता; नाटकात तो कारस्थानी खलनायक झाला आणि बुडाला.

शेजारचे काका खूष झाले. “बरोबर दाखवलंय! सगळ्या अन्यायाच्या मुळाशी पुरोहितच असतो,” ते म्हणाले. ऐकायला गोड वाटते खरे. पण आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचा विचार केला तेव्हा मन तयार होईना. गुलामांच्या घामावर राजवाडा कोणी बांधला? हुकूम कोणी दिला? विटांचे माप कोणी वाढविले? ‘राजा चांगला, कारभारी वाईट’ ही सबब फार जुनी आहे. आपल्या गावांतही पाटील चांगला, कुलकर्णी वाईट. मालक चांगला, मुकादम वाईट. असे म्हणून पिढ्यान् पिढ्या काढल्या. एका माणसाला वाईट ठरविले की व्यवस्था स्वच्छ निघते. बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले ते याच्या उलट. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्यांनी कोणा एका पुरोहिताचा पुतळा जाळला नाही. विषमतेला कायदा बनविणारा ग्रंथ जाळला. भांडण माणसाशी नव्हते, नियमाशी होते. सिनेमातल्या सेतीने आपल्या मुलाला बजावलेले असते की एक कमकुवत दुवा सगळी साखळी तोडतो. रामसेस वाईट नाही, तो त्या साखळीला घाबरलेला आहे, आणि म्हणूनच तो भावावर प्रेम करीत असतानाही गुलामांना सोडू शकत नाही. चांगल्या माणसाकडूनही व्यवस्था वाईट कामे करून घेते, हे सिनेमा सांगतो. नाटकाने ते होतेपच्या डोक्यावर टाकून रामसेसला मोकळे केले.

क्षमेबद्दलही तेच. आम्ही बुद्धाची लेकरे, वैराने वैर शमत नाही हे आम्हाला नव्याने सांगायला नको. पण नाटकात क्षमा होते ती दोन भावांमध्ये. विटा वाहून ज्यांची पाठ मोडली, ज्यांची बाळे नदीत गेली, त्यांना कोणी विचारले? दोन राजपुत्र गळ्यात गळा घालून रडले म्हणजे हिशेब मिटला काय? समेट व्हावा, पण तो ज्यांनी सोसले त्यांच्याशी व्हावा. आपल्याकडेही अधूनमधून मोठी माणसे एका पंगतीत बसून समरसतेचे फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या नळाला पाणी येत नाही ते नाहीच. मैत्री हवी, पण मैत्रीच्या आधी न्याय हवा.

एका बाबतीत मात्र नाटक सिनेमाच्या पुढे गेले आणि ते मान्य केलेच पाहिजे. शेवटच्या अरिष्टात इजिप्तची पहिली अपत्ये मरतात. सिनेमात मोझेस राजवाड्यातून बाहेर पडतो आणि भिंतीला टेकून रडतो, हे त्या सिनेमाचे मोठेपण. पण पुढच्याच क्षणी आशेचे गाणे सुरू होते आणि मुक्तीचा जल्लोष होतो. नाटकात मेलेल्या मुलाची आई नेफर्तारी गाते, आणि तिचे दुःख अंगावर येते. आमच्या घरातल्या आजी ऐंशी पार केलेल्या. त्यांना गाण्याचे शब्द कळले नाहीत, पण त्या एवढेच म्हणाल्या, “त्या लेकरानं काय केलं होतं?” खोलीत कोणाकडेही उत्तर नव्हते. देवाने केले म्हणून ते बरोबर, असे म्हणायला आम्ही तयार नाही. बुद्धाच्या शिकवणीत बापाच्या पापासाठी तान्हे मूल मारणारा न्याय बसत नाही. यहुदी घरांत एक रीत आहे. सुटकेच्या सणाच्या रात्री दहा अरिष्टांची नावे घेताना प्रत्येक नावाला पेल्यातला द्राक्षरसाचा एक थेंब बाहेर टाकतात. आपल्या सुटकेसाठी दुसऱ्यांना दुःख झाले, तेवढा आपला आनंदाचा पेला कमी भरलेला असावा, असा त्याचा अर्थ अनेक जण सांगतात. ही करुणा कोणत्याही धर्मात भेटो, तिला आम्ही हात जोडू.

आणखी एक वाद आमच्या मुलांनी शोधून आणला. २०१६ साली अमेरिकेत या नाटकाचा एक गाण्यांचा कार्यक्रम ठरला होता. निवडलेले नट बहुतेक गोरे आहेत हे कळताच अनेक कलावंतांनी आणि चाहत्यांनी जाहीर नापसंती कळविली. आफ्रिकेच्या मातीतली, गुलामांची कथा, आणि ती सांगायला गोऱ्यांचाच ताफा? शेवटी तो कार्यक्रमच रद्द झाला. पुढे लंडनला नाटक आले तेव्हा त्यात नाना वर्णांचे, नाना वंशांचे नट होते. कोणी म्हणेल, नटाचा रंग काय पाहायचा, कला पाहा. पण ज्यांच्या दुःखावर नाटक चालते त्यांनाच रंगमंचावर जागा नसेल, तर ती कला कोणाची? आपल्या जलशांचे मोठेपण हेच होते. कर्डक असोत की वामनदादा, ज्याचे दुःख त्याच्याच तोंडचे गाणे होते, आणि म्हणून ते बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत पोहोचवू शकले.

आता मुख्य प्रश्न. समुद्र कोणी दुभंगविला? सिनेमा आणि नाटक दोघेही म्हणतात, देवाने. मोझेसने काठी पाण्यात टेकली एवढेच. चाहते दोन्ही बाजूंनी कितीही भांडले तरी यावर त्यांचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते इथेच.

आमच्या इतिहासातही एक पाणी आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब हजारो माणसांबरोबर चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले. त्या पाण्याने वाट दिली नाही. उलट जेवायला बसलेल्या आपल्या माणसांची डोकी फोडली गेली आणि शेण-गोमूत्र घालून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. मग कोर्टकचेरी सुरू झाली, आणि मुंबई हायकोर्टाचा अखेरचा निकाल लागला तो मार्च १९३७ मध्ये. समुद्र एका रात्रीत दुभंगतो. तळ्याला दहा वर्षे लागली. पण समुद्र दुभंगला तो एकदाच आणि पुन्हा मिटला. चवदार तळ्याने उघडलेली वाट मिटली नाही, कारण ती माणसांनी कायद्याने, संघटनेने आणि सोसण्याने उघडली होती.

मे १९३६ मध्ये मुंबईच्या परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ हा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला तेव्हा भाषणाच्या शेवटी त्यांनी लोकांपुढे ठेवला तो तथागतांचा अखेरचा उपदेश: स्वतःच स्वतःचा दिवा व्हा, दुसऱ्या कोणाला शरण जाऊ नका. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही बाबासाहेब हाच फरक दाखवितात की बुद्ध हा मोक्षदाता नव्हे, मार्गदाता आहे. मोझेसच्या कथेत लोक मागे चालतात. इथे प्रत्येकाला आपल्या पायांनी चालायचे असते.

नाटक संपल्यावर पुतण्याने थट्टेने विचारले, “आजी, तू तर छप्पन साली दीक्षाभूमीवर होतीस. तुमच्यासाठी फाटला होता का गं समुद्र?” आजी तेव्हा दहा-बारा वर्षांच्या, बापाचे बोट धरून नागपूरला गेलेल्या. त्या म्हणाल्या, “कोनता समुद्र बाबू? आमी त पायी गेलो. शिदोरी सरली त मानसं मानसांले भाकर देत होते.” यापुढे कोणी वाद घातला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसे जुना देश मागे टाकून नव्या देशात गेली, आणि तोही एक थेंब रक्त न सांडता. तिथे कोणाचे पहिले अपत्य मेले नाही. जगाच्या इतिहासातले हे निर्गमन कोणत्याही कार्टूनपटाला पुरून उरेल असे आहे, पण ते अजून आपल्या मुलांनी रंगमंचावर आणायचे आहे.

सिनेमातली एक व्यक्ती मात्र आम्हा सगळ्यांच्या मनात राहिली, ती मोझेसची बहीण मिर्याम. तिला चमत्कार येत नाहीत, राजवाडा ठाऊक नाही. पण टोपली पाण्यावर सोडली तेव्हा ती काठाकाठाने धावली होती, आणि राजपुत्र झालेल्या भावाला भर रस्त्यात ‘तू आमचा आहेस’ असे सांगण्याचे धाडस तिनेच केले. तिने तोंड उघडले नसते तर पुढचे काहीच घडले नसते. शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या, वस्ती विसरलेल्या आपल्या भावांना असे सांगणाऱ्या मिर्यामी आज घरोघरी हव्या आहेत.

सिनेमा आणि नाटक मुलांना जरूर दाखवावे. चांगली गाणी आहेत, चित्रे सुंदर आहेत, गुलामीची चीड आहे. पण पाहून झाल्यावर मुलांना तीन प्रश्न विचारावेत. ज्यांची ही गोष्ट आहे, त्यांना बोलायला किती मिळाले? दोष माणसाचा होता की नियमाचा? आणि सुटका झाली ती कोणाच्या हातून? या तीन प्रश्नांवर मुले भांडू लागली तर भांडू द्यावीत. चहा पुन्हा एकदा टाकावा. घरातल्या या भांडणातूनच उद्या आपल्या महाडचे, आपल्या दीक्षाभूमीचे संगीत नाटक लिहिणारी लेखणी निघेल, अशी आम्हाला खात्री आहे.

जयभीम!